मूठ आवळली की श्वास रोखायचा

आमच्या शेजारच्या घरात जेवताना कुणी तोंडानं "पुरे" म्हणत नाही. केवलरामला वरण नको असलं की तो मूठ आवळून वर धरतो आणि मैनाबाईच्या हातातली पळी जिथे असेल तिथेच थांबते. हवं असलं की तर्जनी वर करून हवेत गोल फिरवतो. पालथा पंजा हळूहळू खाली आणला, की भांडं खाली ठेव आणि आता तूही जेवायला बैस. इशारा समजला हे सांगायला मैनाबाई पळी पातेल्याच्या काठावर एकदा वाजवते. टण्ण. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण झालंय आणि बोलणं बंद आहे. मी समजूत घालायलाही सुरुवात केली होती.

भांडण नव्हतं. केवलराम प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, सिग्नलमॅन होता. वर क्रेन, क्रेनच्या आकड्याला लटकलेला लोखंडाचा भार, आणि खाली उभं राहून क्रेनवाल्याला बोट फिरवून उचल, मूठ आवळून थांब, पंजा खाली आणून खाली ठेव असं सांगणारा हा. तिथल्या खडखडाटात तोंडानं बोललेलं कुणाला ऐकू जाणार? म्हणून खालून बोलायचं ते हातानं, आणि वरून उत्तर यायचं ते घंटीनं. एक घंटी म्हणजे समजलं. पुढे त्याच खडखडाटानं केवलरामचे कान जड झाले तसे हे इशारे घरात आले आणि स्वयंपाकघरात कायमचे राहिले. त्याची मुलगी भूमिका तर बाराखडीच्या आधी हे शिकली. बाकीची पोरं बोबडं बोलतात, ही बोबडे इशारे करायची.

मी तारा. वडील रेल्वेत होते, म्हणून मी भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढले, जन्मभर शाळेत शिकवलं आणि आता कुरुदला केवलरामच्या भिंतीला भिंत लावून राहते. मला राग लवकर येतो आणि तो मी साठवून ठेवत नाही. शिळा राग पोटाला बाधतो. या गोष्टीत मी दोन-चार वेळा ओरडलेली दिसेन, त्याचं फार मनावर घेऊ नका.

भूमिका बारावी झाली त्या उन्हाळ्यात भिंतीपलीकडून मैनाबाईची हाक आली. "ताराबाई, जरा याना. हे पाहा कसे करून राहिले."

गेले. केवलराम अंगणात पाठमोरा उभा होता. भूमिका दारात, डोळे लाल. तिला रायपूरच्या कॉलेजात रेडिओग्राफीचा डिप्लोमा करायचा होता, म्हणजे एक्स-रे काढायचं शिक्षण. मोठ्या डॉक्टरकीचं स्वप्न वगैरे काही नाही. लहानपणी हात मोडला तेव्हा तिनं स्वतःच्या हाडांचा फोटो पाहिला होता, आणि आपल्या आत इतकं नीटनेटकं काही असतं याचं तिला जे नवल वाटलं ते कधी ओसरलंच नाही.

"वहिनी, तुमी मास्तरीन हाव, तुमीच सांगा," केवलराम म्हणाला. "आमच्या इथं बी रेडिओग्राफी होये. वेल्डिंगचा जोड आतून पक्का हाये का नाई, हे पाहाले एक जन डबा घेऊन ये. लाल दोरी बांधे. शिट्टी मारे. मंग सारे पयून जात. फोरमन बी पये. ज्या कामाले पाहून सारे पयतात, त्या कामाले मी माही पोरगी धाडू?"

आता कळलं घोडं कुठे अडलं ते. जगातला दुसरा कोणताही बाप "रेडिओग्राफी" ऐकून फार तर फी विचारेल. पण आमच्या भिलाईत हा शब्द दवाखान्याच्या आधी प्लांटमध्ये ऐकलेली माणसं आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येत नाही, लाल दोरी येते.

मी समजावलं. तिथं लोखंडाच्या आरपार बघायचं असतं, इथं माणसाच्या, दोन्हीकडच्या किरणांचा जोर सारखा कसा असेल? केवलरामनं मान हलवली नाही. मैनाबाईची काळजी वेगळीच. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताराबाई, मंग लगन जमन का हिचं?" तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण अंगणातली कोंबडी आत पळाली.

शेवटी केवलरामनं अट घातली. "शिक. पर नोकरी लागली का मी एक डाव येऊन माह्या डोयानं पाहीन. मले नाई पटलं त काम सोडाचं."

"सोडीन," भूमिका म्हणाली.

मला भयंकर राग आला. तिला माझ्या घरी आणून म्हटलं, "असं कशाले कबूल केलं तू?"

"काकू, बाबा देखेंगे तो मानेंगे," ती म्हणाली. "त्यायले तोंडानं सांगून कधी काही समजलं आहे का?"

पोरगी रोज भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनवरून लोकलनं रायपूरला जायला लागली. संध्याकाळी आली की सराव आमच्यावर. माझं गोदरेजचं कपाट म्हणजे एक्स-रेचा स्टँड. मला त्याला छाती लावून उभी करायची, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं आणि खांदे पुढे. "काकू, श्वास घ्या... रोका... सोडा." मैनाबाईची पाळी आली की तिला हसू आवरायचं नाही आणि श्वासही रोखता यायचा नाही. मला मात्र जमायचं. शाळेत पोरांवर खेकसण्याआधी मी जन्मभर तेच करत आले होते.

केवलराम हे सगळं खाटेवरून बघायचा आणि बोलायचा नाही. बोलला तो त्या बिल्ल्यावर. किरणांपाशी काम करणाऱ्यांना छातीवर लावायला एक छोटा बिल्ला मिळतो. अंगावर किरण किती पडले, ते त्यात नोंदलं जातं आणि बिल्ला ठरल्या वेळी तपासायला जातो. केवलरामनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"म्हंजे धोका हाये. तवाच त बिल्ला देला."

"बाबा, तुमाले प्लांटमध्ये हेल्मेट देत होते," भूमिका म्हणाली, "मंग रोज डोक्यावर वीट पडे का?"

केवलरामनं बिल्ला परत दिला. खुंटीवर त्याचं जुनं पिवळं हेल्मेट अजून लटकतंय, मैनाबाई त्यात लसूण ठेवते. त्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग खोकण्याचं निमित्त करून बाहेर गेला. मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

डिप्लोमा झाला. भिलाईतच, सुपेल्याच्या एका खासगी दवाखान्यात ती कामाला लागली. आधी काही महिने पारख, मग पक्की करणार होते. केवलराम आपलं पाहायला जाणं आज-उद्यावर ढकलत होता. तिथले मुख्य टेक्निशियन प्रफुल सर, दुर्गचे. माणूस कडक, पण वाकडा नाही. त्यांचं एकच म्हणणं असायचं, की एक्स-रे दुसऱ्यांदा काढावा लागला तर पेशंटच्या अंगात किरण पुन्हा जातात, आणि ती चूक पेशंटची नसते, आपली असते.

आणि तिथंच भूमिकाचं अडलं. हाडांचे एक्स-रे ती सुरेख काढायची. मंगळसूत्र काढायला तयार नसलेल्या बायकांसाठी तिनं ड्रॉवरमध्ये हळकुंड बांधलेले दोरे ठेवले होते. तेवढ्यापुरता दोरा गळ्यात बांधायचा, मंगळसूत्र सासूच्या हातात. एक्स-रेत हळकुंडाची आडकाठी नको म्हणून ते बाजूला, फोटोच्या बाहेर सरकवायचं. बायका खूश. पण छातीचा एक्स-रे म्हणजे श्वासाचा खेळ. पूर्ण श्वास भरून तो रोखला तरच फुप्फुसं नीट दिसतात. आणि छातीचे पेशंट बहुतेक प्लांटमधून निवृत्त झालेली मंडळी, ज्यांचे कान केवलरामसारखेच. भूमिका काचेमागून माइकवर सांगायची, "सांस लीजिए, रोकिए." नेमकं बटण दाबताना एखादे आजोबा मागे वळून विचारायचे, "क्या बोली, बेटी?" एक तेलुगू आजोबा इतके आज्ञाधारक, की कपडे बदलायच्या खोलीतूनच श्वास रोखून निघाले आणि स्टँडपाशी पोचेपर्यंत त्यांना घेरी आली.

एक्स-रे पुन्हा काढावे लागायला लागले. एकदा, दोनदा, मग रोजच. शेवटी प्रफुल सरांनी तिला बसवून सांगितलं, की या महिन्यात सुधारणा दिसली नाही तर तिला मशीनवरून काढून बाहेर काउंटरवर बसवतील.

त्या संध्याकाळी ती आपल्या घरी न जाता माझ्याकडे आली. दिवसभर माइकवर ओरडून घसा बसलेला. माझ्या कपाटाला पाठ टेकून रडली.

"काकू, बाबाची शर्त तर बाजूलाच राहिली. त्याआधीच मले मशीनवरून हटवतील. मंग बाबा पाहायले येतील अन् मी काउंटरवर बसली दिसीन."

मला वाईट वाटलं, अगदी आतून. या पोरीनं दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं ते हातातोंडाशी येऊन निसटत होतं. उपाय मला सुचत नव्हता. म्हणून मी तिला चहा दिला आणि तिच्या वतीनं सगळ्या भिलाईच्या कानांना शिव्या दिल्या.

तेवढ्यात केवलरामच्या खोकल्यानं घर धरलं. थंडी सुरू झाली, मैनाबाईचे अडुळशाचे काढे झाले, खोकला काही जाईना. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे लिहून दिला. केवलराम रोज नवं निमित्त काढायचा. आज शनिवार, उद्या पाहुणे, परवा पाण्याची टाकी धुवायची. टाकी त्यानं लागोपाठ दोनदा धुतली.

भूमिका ड्यूटीवर गेलेली असताना एका सकाळी मी सरळ त्याच्या पुढ्यात उभी राहिले आणि ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं, "केवलराम, तू एक्स-रेले भीत नाईस. तिथं गेल्यावर तुले पटन, याले तू भिऊन राहिला."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. केवलरामनं मुकाट्यानं चपला घातल्या. मी ऑटोवाल्याला सांगितलं, "सुपेला."

एक्स-रेच्या खोलीच्या दारावर लाल दिवा असतो. आम्ही पोचलो तेव्हा तो पेटलेला होता, आत कुणाचा तरी फोटो चालला होता. दिवा पाहताच केवलराम समोरच्या भिंतीला जाऊन चिकटला, आणि मलाही कोपर धरून ओढून घेतलं. बाकावरची म्हातारी मंडळी आमच्याकडे बघत बसली. दिवा विझला, दार उघडलं आणि भूमिका बाहेर आली. बापाला पाहून ती जागीच थांबली. आज तो पेशंट म्हणून आला होता आणि परीक्षक म्हणूनही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मी बी आत येणार," मी म्हटलं. प्रफुल सर नको म्हणणार होते, पण माझा चेहरा पाहून त्यांनी मला काचेमागच्या खोलीत, आपल्या शेजारी उभं केलं.

भूमिकानं बापाला स्टँडला छाती लावून उभं केलं. दवाखान्याच्या ढगळ निळ्या सदऱ्यात तो एकदम लहान दिसत होता. हनुवटी वर, खांदे पुढे. केवलरामनं कुजबुजत विचारलं, आणि त्याचं कुजबुजणं बाहेरच्या बाकापर्यंत जातं, "तू आता कुठी जाशीन?"

"काचेच्या मांगं."

"म्हंजे पयशीन."

"नाई बाबा. तिथून पाहीन तुमाले. मान नका हलवू, फक्त डोये माह्याकडे ठेवा." स्टँडच्या बाजूलाच भिंतीत काचेची खिडकी होती. नुसती नजर वळवली तरी दिसण्यासारखी.

ती आत आली, दार लावलं, माइकवर म्हणाली, "बाबा, श्वास घ्या." केवलराम तसाच. पुन्हा, मोठ्यानं. काही नाही. प्रफुल सरांनी हात पाठीमागे बांधले. महिना संपत आला होता हे त्या हातांत दिसत होतं. आता हिनं घाईनं बटण दाबलं तर पुन्हा एक बिघडलेला फोटो, आणि तोही बापाचा.

भूमिकानं बटणावरचं बोट काढून घेतलं. ती बापाच्या डोळ्यांकडे बघत होती. ते डोळे काचेवर खिळले होते, भेदरलेले नाहीत, वाट बघणारे. वरच्या केबिनमधून क्रेनवाले ज्या नजरेनं केवलरामकडे बघत असतील, तीच ती नजर असावी.

ती काचेजवळ सरकली. कोपरातून हात उभा केला, तर्जनी वर, आणि बोट सावकाश गोल फिरवलं. उचल.

केवलरामची छाती वर आली. आली, आणखी आली, पूर्ण भरली.

भूमिकानं मूठ आवळली. केवलराम थांबला. असा थांबला, की त्याच्या खांद्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. तिनं दुसऱ्या हातानं बटण दाबलं. यंत्र वाजलं. मग तिचा पालथा पंजा हळूहळू खाली आला, आणि त्याच्याबरोबर केवलरामचा श्वास.

आणि मग केवलरामनं बोटाच्या पेरानं स्टँडच्या लोखंडावर एकदा वाजवलं. टण्ण. जन्मभर खालून इशारे देऊन वरून घंटी ऐकलेल्या त्या माणसानं पहिल्यांदाच स्वतः घंटी दिली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं पुसलं आणि प्रफुल सरांना सांगितलं की तुमच्या खोलीत धूळ फार आहे.

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते पडद्यावरचा फोटो बघत होते. दोन्ही फुप्फुसं भरलेली, बरगड्यांच्या कडा स्वच्छ. "हे काय केलंस तू?" त्यांनी विचारलं. भूमिकानं सांगितलं. सर हसले आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "बाहेरचे सगळे प्लांटचेच आहेत. बोलाव पुढचा."

पुढचा पेशंट नेमका जुना क्रेन ऑपरेटर निघाला. त्याला काही शिकवावंच लागलं नाही. बाहेर येऊन सदऱ्याची बटणं लावत तो बाकावरच्यांना म्हणाला, "पूरी जिंदगी इशारे पे चला, रिटायर होके भी छुट्टी नहीं." ज्यांनी प्लांटमध्ये दुसरी कामं केली होती, त्यांना केवलराम कॉरिडॉरमध्येच शिकवायला लागला. निळा सदरा अजून अंगावरच. थोड्या वेळानं प्रफुल सरही बाहेर आले, तर केवलरामनं त्यांची मूठ हातात घेऊन तपासली आणि म्हणाला, "अंगठा बाहर, साहब. क्रेनवाले को दूर से दिखना चाहिए." त्या दिवशी एकही फोटो पुन्हा काढावा लागला नाही, आणि संध्याकाळी सर भूमिकाला एवढंच म्हणाले, की काउंटरचं राहू दे.

केवलरामच्या छातीत काळजीचं काही निघालं नाही. औषध मिळालं आणि बिडी बंद करायचा हुकूम. परतीच्या ऑटोत मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं, "काय, पटलं का?" त्यानं तिन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं. जड कानांचा हा एक फायदा आहे आणि तो तो पुरेपूर घेतो.

रात्री मैनाबाईनं मला जेवायला बोलावलं. लाल भाजी, वरण-भात, लसणाची चटणी. कुणीच विषय काढेना. भूमिका भात चिवडत होती. सरांनी मशीनवर ठेवलं होतं, पण खरी अट अजून पाटावर बसून जेवत होती. केवलरामनं सावकाश जेवण उरकलं, ताटात हात धुतला, ताट बाजूला सरकवलं. तेव्हा तिच्यानं राहवलं नाही.

"बाबा," ती त्याच्या समोर वाकून म्हणाली, "आता सांगा. करू का सोडू?"

केवलराम तिच्याशी नाही, माझ्याशी बोलला. "वहिनी, सिग्नलवाल्याचा एकच कायदा असते. भार लटकला हाये तोवर जागा सोडाची नाई अन् नजर काढाची नाई. ते लाल दोरीवाले शिट्टी मारत अन् पाठ फिरवत. मले वाटलं, हे बी तसंच काम." तो खोकला. "पर ही पोरगी पाहून राहिली होती माह्याकडे. सारा वेळ पाहून राहिली होती."

मग तो भूमिकाकडे वळला. हात कोपरातून उभा केला, तर्जनी वर, आणि बोट गोल फिरवलं. भरलेल्या ताटावर नव्हे, रिकाम्या हवेत, उंच.

भूमिकानं ताटाशेजारचा चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर एकदा वाजवला.